विश्लेषण : उमेदवाराची लष्करी सेवा अमेरिकेत दर निवडणुकीत वादात का सापडते?

ऑगस्ट २०२४. अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाने मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ यांना उपाध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी रिपब्लिकन उमेदवार जे. डी. व्हान्स यांनी त्यांच्यावर आरोप केला, की इराकला जायची वेळ आली तेव्हा वॉल्झ यांनी गणवेश उतरवला आणि साथीदारांना वाऱ्यावर सोडलं. काही तासांत हा आरोप लाखो मोबाइलवर पोहोचला. वॉल्झ समर्थकांनी उलट व्हान्स यांच्याच सेवेची टिंगल सुरू केली. ते इराकला गेले खरे, पण तिथे बातम्या लिहीत होते, असा त्यांचा सूर होता.

दोघांनीही लष्कराचा गणवेश घातला होता आणि दोघांच्याही सेवेची कागदपत्रं सरकारदरबारी होती. तरीही वाद मिटला नाही. अमेरिकेत असं पहिल्यांदा घडलेलं नाही. उमेदवाराने लष्करात काय केलं, काय केलं नाही आणि त्याबद्दल तो काय बोलला, यावरून तिथे जवळपास प्रत्येक मोठ्या निवडणुकीत रण माजतं. असं का होतं, आणि अशी एखादी पोस्ट आपल्यासमोर आली तर खरं-खोटं कसं ओळखायचं?

वॉल्झ प्रकरणात कागद काय सांगतात?

वॉल्झ १९८१ मध्ये वयाच्या सतराव्या वर्षी आर्मी नॅशनल गार्डमध्ये भरती झाले आणि २४ वर्षांनी, मे २००५ मध्ये निवृत्त झाले. नॅशनल गार्ड म्हणजे राज्यांचं राखीव दल. यातले जवान एरवी नोकरी-धंदा करतात, ठरावीक दिवस सराव करतात आणि गरज पडली की त्यांना पूर्णवेळ बोलावलं जातं.

आता तारखा पाहू. फेब्रुवारी २००५ मध्ये वॉल्झ यांनी अमेरिकी काँग्रेसच्या निवडणुकीसाठी अर्ज भरला. मार्चमध्ये गार्डने सांगितलं, की येत्या दोन वर्षांत मिनेसोटाच्या काही जवानांना इराकला जावं लागू शकतं. मे महिन्यात वॉल्झ निवृत्त झाले. त्यांच्या तोफखाना पलटणीला तयारीचा अधिकृत आदेश जुलैमध्ये मिळाला आणि पलटण २००६ मध्ये इराकला पोहोचली.

म्हणजे आदेश आल्यावर त्यांनी पळ काढला, हे कागदावर टिकत नाही. पण पाठवणी होऊ शकते याची कुणकुण त्यांना नव्हती, असंही म्हणता येत नाही. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत सगळा वाद उभा राहिला. २४ वर्षं सेवा केलेल्या माणसाने त्या क्षणी निवृत्त व्हावं की थांबावं, याचं उत्तर कुठल्याही फाइलमध्ये सापडणार नाही.

दुसरा मुद्दा त्यांच्या बोलण्याचा होता. २०१८ मध्ये बंदुकांवरील निर्बंधांबद्दल बोलताना, आपण युद्धात बाळगलेली शस्त्रं तशीच युद्धातच राहावीत, असा उल्लेख वॉल्झ यांनी केला होता. प्रत्यक्षात ते कधी लढाईत उतरले नव्हते. अफगाणिस्तान मोहिमेला साहाय्य म्हणून त्यांची पलटण २००३-०४ मध्ये युरोपात होती आणि ते इटलीत होते. बोलण्यात चूक झाली, असं त्यांच्या प्रचारयंत्रणेने नंतर मान्य केलं.

तिसरा मुद्दा हुद्द्याचा. ते 'कमांड सार्जंट मेजर' या हुद्द्यावर काम करत होते, पण त्यासाठी लागणारा अभ्यासक्रम पूर्ण न झाल्यामुळे निवृत्तीवेतनासाठी त्यांचा हुद्दा एक पायरी खालचा, म्हणजे 'मास्टर सार्जंट' धरला गेला. त्यामुळे 'निवृत्त कमांड सार्जंट मेजर' हा प्रचारातला उल्लेख चुकीचा होता आणि तो बदलावा लागला.

एकाच माणसाबद्दलच्या या तीन आरोपांपैकी हुद्द्याचा आरोप कागदाने सिद्ध झाला आणि शस्त्रांबद्दलचं बोलणं त्यांच्याच बाजूने चूक म्हणून मान्य झालं. पळून गेल्याचा आरोप मात्र ज्याच्या त्याच्या मतावर अवलंबून राहिला. समाजमाध्यमांवर हे तिन्ही आरोप एकाच फोटोखाली, एकाच वाक्यात फिरले, आणि 'खोटारडा' हा शिक्का तिघांसाठी मिळून एकच होता.

व्हान्स यांचंही तसंच झालं. २००३ ते २००७ ते मरीन दलात होते आणि त्यातले सुमारे सहा महिने इराकमध्ये. त्यांचं काम लष्करी वार्ताहराचं होतं, आणि आपण प्रत्यक्ष लढाईत सापडलो नाही हे त्यांनी स्वतःच आधी लिहून ठेवलं होतं. तरीही त्यांनी काहीतरी लपवलं होतं आणि ते आता उघड झालं, अशा थाटात ही माहिती पसरवली गेली.

ही पद्धत आली कुठून?

वॉल्झ यांच्यावरचा हल्ला पाहून अनेकांना २००४ आठवलं. त्याला कारणही होतं. ट्रम्प यांच्या २०२४ च्या प्रचाराचे एक प्रमुख, ख्रिस लासिविटा, हे २००४ च्या त्या गाजलेल्या मोहिमेचे सल्लागार होते.

२००४ मध्ये अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्यासमोर डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन केरी उभे होते. केरी नौदलातून व्हिएतनामला गेले होते. मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशात 'स्विफ्ट बोट' या छोट्या गस्ती नौकांवर त्यांनी सुमारे चार महिने काढले. एक सिल्व्हर स्टार, एक ब्राँझ स्टार आणि जखमी झाल्याबद्दलचे तीन पर्पल हार्ट अशी पाच पदकं त्यांना मिळाली होती. इराक युद्ध सुरू असताना आपला उमेदवार युद्धवीर आहे, हाच पक्षाच्या प्रचाराचा पाया होता. बॉस्टनच्या अधिवेशनात केरींनी व्यासपीठावरून चक्क लष्करी सलाम ठोकला.

त्यानंतर आठवडाभरातच 'स्विफ्ट बोट व्हेटरन्स फॉर ट्रुथ' नावाच्या गटाची जाहिरात दूरदर्शनवर झळकली. केरींची पदकं खऱ्या शौर्याची नाहीत, असा त्यातल्या माजी सैनिकांचा दावा होता. सुरुवातीला ही जाहिरात फक्त तीन राज्यांत, सुमारे पाच लाख डॉलर खर्चून दाखवली गेली. पण वृत्तवाहिन्यांनी तीच जाहिरात बातमी म्हणून दिवसरात्र चालवली आणि गटाला देशभर फुकट प्रसिद्धी मिळाली. आज पोस्ट 'व्हायरल' होते ती याच रीतीने. खर्च थोडा, आणि पसरवण्याचं काम इतरांकडून.

आरोप कितपत खरे होते? केरींच्या बोटीवर त्यांच्यासोबत असलेले बहुतेक जण त्यांच्या बाजूने उभे राहिले. मार्च १९६९ च्या ज्या प्रसंगासाठी ब्राँझ स्टार मिळाला, त्यात केरींनी नदीतून ओढून काढलेले जिम रासमन हे स्वतः रिपब्लिकन असूनही केरींच्या बाजूने बोलले. त्या दिवशी शत्रूकडून गोळीबार झालाच नाही, असं सांगणाऱ्या एका माजी अधिकाऱ्याला त्याच दिवसासाठी पदक मिळालं होतं, आणि त्याच्या स्वतःच्या मानपत्रात शत्रूच्या गोळीबाराचा उल्लेख होता. पदकं योग्य प्रक्रियेने दिली गेली होती, असा निष्कर्ष नौदलाच्या महानिरीक्षकांनी काढला. रिपब्लिकन सिनेटर आणि स्वतः युद्धकैदी राहिलेले जॉन मॅकेन यांनीही त्या जाहिरातीचा जाहीर निषेध केला.

मात्र केरींचं सगळंच निर्दोष होतं असंही नाही. १९६८ चा नाताळ आपण कंबोडियात घालवला, अशी आठवण ते वर्षानुवर्षं सांगत आले होते. ती तारीख जुळेना, तेव्हा त्यांच्या प्रचारयंत्रणेला सारवासारव करावी लागली.

त्या गटातल्या अनेकांचा खरा राग पदकांवर नव्हता. युद्धातून परतलेल्या केरींनी एप्रिल १९७१ मध्ये सिनेटच्या समितीसमोर साक्ष दिली होती आणि अमेरिकी सैनिकांनी व्हिएतनाममध्ये केलेल्या अत्याचारांबद्दल ते उघडपणे बोलले होते. आपल्या सगळ्यांनाच गुन्हेगार ठरवलं गेलं, असं कित्येक माजी सैनिकांना वाटलं. हा राग खरा होता, आणि त्यावर मोकळी चर्चा होऊ शकली असती. पण 'तुमची साक्ष आम्हाला पटली नाही' यापेक्षा 'तुमची पदकं खोटी आहेत' हा आरोप जास्त धावतो. वाद मतांचा होता, तो तथ्यांचा म्हणून मांडला गेला.

केरी हरले. ते केवळ याच मोहिमेमुळे हरले असं म्हणता येणार नाही, पण उत्तर द्यायला त्यांनी उशीर केला, हे त्यांच्या बाजूचे लोकही मान्य करतात. राजकीय समिती म्हणून नोंदणी न केल्याबद्दल त्या गटाला निवडणूक आयोगाकडे २,९९,५०० डॉलर दंड भरावा लागला, तोही २००६ मध्ये, म्हणजे निवडणूक होऊन दोन वर्षं झाल्यावर. तोवर इंग्रजीत 'स्विफ्टबोटिंग' असं क्रियापद रूढ झालं होतं. उमेदवाराच्या दुबळ्या बाजूऐवजी त्याच्या सगळ्यात भक्कम बाजूवरच घाव घालायचा, असा त्याचा अर्थ.

मग बुश यांच्या सेवेचं काय?

त्याच निवडणुकीत दुसऱ्या बाजूचीही फाइल उघडली गेली होती. बुश १९६८ मध्ये टेक्सास एअर नॅशनल गार्डमध्ये दाखल झाले आणि एफ-१०२ लढाऊ विमान चालवायला शिकले. १९७२ मध्ये त्यांनी वार्षिक वैद्यकीय तपासणी केली नाही, म्हणून त्यांचं उड्डाण थांबवण्यात आलं. त्या काळात ते एका निवडणूक प्रचारासाठी अलाबामात होते. तिथे त्यांनी ठरलेली हजेरी लावली का, हा प्रश्न रास्त होता. वडील राजकारणात असल्यामुळे गार्डमधली जागा सहज मिळाली का, हाही.

८ सप्टेंबर २००४ रोजी सीबीएस वाहिनीने या विषयावर कार्यक्रम दाखवला. त्यात बुश यांच्या दिवंगत वरिष्ठांच्या नावे असलेली टिपणं होती. काही तासांतच इंटरनेटवरच्या वाचकांनी शंका काढली, की १९७० च्या सुमाराच्या कार्यालयीन टंकलेखन यंत्रावर अशी अक्षरं उमटतील कशी? ही तर संगणकाची अक्षरं दिसतात. १२ दिवसांनी वाहिनीने माफी मागितली. टिपणांचा खरेपणा सिद्ध करता आला नाही. एका निर्मातीची नोकरी गेली, तीन अधिकाऱ्यांना राजीनामा द्यायला सांगितलं गेलं, आणि ज्येष्ठ निवेदक डॅन रादर मार्च २००५ मध्ये वृत्तनिवेदनाच्या खुर्चीवरून पायउतार झाले.

यात सगळ्यात मोठं नुकसान मूळ प्रश्नाचं झालं. बुश यांचं उड्डाण थांबलं होतं, याच्या खऱ्या सरकारी नोंदी उपलब्ध होत्या. पण संशयास्पद कागद पुढे आला आणि सगळी चर्चा अक्षरांच्या वळणाकडे वळली. आपल्या बाजूचा मुद्दा खरा आहे असं वाटलं, म्हणून हाती आलेला कोणताही कागद पुढे ढकलला, तर काय होतं ते यात दिसतं.

व्हिएतनामचीच जखम का भळभळते?

अमेरिकेत हा वाद जुना आहे. यादवी युद्धाच्या काळात कायद्यानेच एक पळवाट ठेवली होती. भरतीचा बोलावा आला तर ३०० डॉलर भरून सुटका करून घेता येत असे, किंवा आपल्या जागी पैसे देऊन दुसरा माणूस पाठवता येत असे. ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी तो बदली माणूस पाठवला होता, आणि १८८४ च्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभे असलेले जेम्स ब्लेन यांनीही.

व्हिएतनाम युद्धात पैसे भरण्याची सोय नव्हती, पण पळवाटा होत्या. महाविद्यालयात शिकणाऱ्याला भरती पुढे ढकलून मिळे. ओळखीच्या डॉक्टरकडून दाखला आणता येई. नॅशनल गार्डमध्ये जागा मिळाली तर व्हिएतनामला जाण्याची शक्यता बरीच कमी होई. या वाटा शिकलेल्या, सुस्थितीतल्या घरांना सापडायच्या. गरीब घरातला मुलगा मात्र थेट रणांगणावर जायचा. या युद्धात ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मारले गेले. त्यामुळे 'तू तेव्हा कुठे होतास?' हा प्रश्न तिथे केवळ देशभक्तीचा नाही, तो वर्गाचाही आहे. कोणाच्या मुलाने किंमत मोजली आणि कोणाचा मुलगा वाचला, असा तो हिशेब आहे.

आणि वाचलेल्यांची यादी दोन्ही पक्षांत आहे. बिल क्लिंटन यांनी भरती टाळण्यासाठी केलेली खटपट त्यांच्याच १९६९ च्या पत्रातून १९९२ मध्ये उघड झाली. डॅन क्वेल यांनी गार्डमध्ये जागा मिळवली, त्यावर १९८८ मध्ये टीका झाली. डिक चेनी आणि जो बायडेन यांना विद्यार्थी म्हणून अनेकदा सवलत मिळाली. पुढे बायडेन यांना दम्याच्या कारणावरून वगळलं गेलं. डोनाल्ड ट्रम्प यांना चार वेळा विद्यार्थी म्हणून आणि १९६८ मध्ये टाचेचं हाड वाढल्याच्या दाखल्यावर सवलत मिळाली. हे सगळं त्या वेळच्या नियमांच्या चौकटीत झालं. ते न्याय्य होतं का, हा प्रश्न मात्र उरतोच.

पक्ष बदलला की मोजमाप बदलतं?

'आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं' या म्हणीचा पुरावा हवा असेल तर २०१० चं साल पाहा. त्या वर्षी सिनेटच्या दोन उमेदवारांनी आपली सेवा वाढवून सांगितल्याचं काही आठवड्यांच्या अंतराने उघड झालं.

कनेक्टिकटचे डेमोक्रॅट रिचर्ड ब्लुमेंथल मरीन दलाच्या राखीव तुकडीत होते, ते कधीच व्हिएतनामला गेले नव्हते. तरीही एका भाषणात त्यांनी आपण व्हिएतनाममध्ये सेवा केल्याचं म्हटलं होतं. इलिनॉयचे रिपब्लिकन मार्क कर्क नौदलाच्या राखीव दलात गुप्तवार्ता अधिकारी होते. वर्षातला सर्वोत्तम गुप्तवार्ता अधिकारी हा पुरस्कार आपल्याला मिळाल्याचं ते सांगत. प्रत्यक्षात गौरव त्यांच्या तुकडीचा झाला होता.

दोघांची चूक एकाच जातीची होती. पण ब्लुमेंथल यांना 'शौर्यचोर' म्हणणाऱ्यांना कर्क यांच्या बाबतीत ती 'शब्दांची गफलत' वाटली, आणि हेच उलट बाजूनेही झालं. दोघेही निवडून आले. २०१६ मध्ये कर्क यांच्यासमोर टॅमी डकवर्थ होत्या. इराकमध्ये हेलिकॉप्टरवर झालेल्या हल्ल्यात त्यांनी दोन्ही पाय गमावले आहेत. एका वादसभेत कर्क यांनी डकवर्थ यांच्या घराण्याच्या लष्करी परंपरेवर, त्यांच्या थाई वंशाचा उल्लेख करत, खोचक शेरा मारला. त्यांना माफी मागावी लागली आणि ती निवडणूक ते हरले.

जॉन मॅकेन साडेपाच वर्षं उत्तर व्हिएतनामच्या कैदेत होते. २०१५ मध्ये ट्रम्प यांनी, पकडले न गेलेले लोक आपल्याला आवडतात, असं म्हणत त्यांच्या वीरत्वावरच प्रश्न उभा केला. केरींच्या पदकांवर शंका घेणं ज्यांना सत्यशोधन वाटलं होतं, त्यांच्यातल्या काहींना हा अपमान वाटला. बाकीच्यांनी तोही पचवला.

कागद कुठे असतात आणि कोणाला मिळतात?

अमेरिकी सैनिक सेवा सोडतो तेव्हा त्याला 'डीडी-२१४' नावाचा दाखला मिळतो. सेवेचा काळ, हुद्दा, पदकं, सेवामुक्तीचा प्रकार अशी माहिती त्यावर असते. जुन्या फाइली सेंट लुईस शहरातल्या राष्ट्रीय अभिलेख केंद्रात ठेवल्या जातात. १२ जुलै १९७३ रोजी तिथे मोठी आग लागली आणि १.६ ते १.८ कोटी फाइली जळाल्या. त्यामुळे जुन्या पिढीतल्या एखाद्या सैनिकाची नोंद सापडली नाही, एवढ्यावरून तो खोटं बोलतोय असं ठरत नाही.

सेवा संपून ६२ वर्षं झाली की फाइल सर्वांसाठी खुली होते. त्याआधी तिऱ्हाईताला माहिती अधिकाराच्या कायद्याखाली फक्त ठळक माहिती मिळते. वैद्यकीय नोंदी, पत्ता, खाजगी बाबी मिळत नाहीत. निदान नियम तरी असा आहे.

२०२२ मध्ये इंडियानातल्या रिपब्लिकन उमेदवार जेनिफर-रूथ ग्रीन यांच्या हवाई दलातल्या फाइलमधली अत्यंत खाजगी माहिती निवडणुकीच्या तोंडावर बाहेर आली. फाइल बेकायदा दिली गेली होती, हे हवाई दलाने मान्य केलं. इतरही काही जणांच्या फाइली तशाच बाहेर गेल्याचं पुढे निष्पन्न झालं.

सप्टेंबर २०२५ मध्ये फटका डेमोक्रॅटिक बाजूला बसला. न्यू जर्सीच्या गव्हर्नरपदाच्या उमेदवार मिकी शेरिल या नौदलात हेलिकॉप्टर चालवत. त्यांची जवळपास संपूर्ण फाइल, सामाजिक सुरक्षा क्रमांकासह, अभिलेख केंद्राने विरोधी उमेदवाराच्या एका सहकाऱ्याला देऊन टाकली आणि नंतर माफी मागितली. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट पुढे आली. १९९४ मध्ये नौदल अकादमीत कॉपीचं मोठं प्रकरण झालं होतं आणि त्या वर्षीच्या पदवीदान संचलनात शेरिल यांना चालू दिलं गेलं नव्हतं. आपण सहाध्यायांची नावं सांगितली नाहीत म्हणून हे झालं, असं त्यांचं म्हणणं होतं. विरोधकांनी शिस्तभंगाच्या नोंदी खुल्या करण्याची मागणी केली, ती त्यांनी मान्य केली नाही.

न्यू जर्सीत भारतीयांची, त्यात मराठी मंडळींचीही मोठी वस्ती आहे. तिथल्या मतदारांसमोर दोन खरे प्रश्न होते. सरकारी केंद्रातून एका नागरिकाची खाजगी फाइल बाहेर कशी गेली? आणि १९९४ मध्ये नेमकं काय झालं? एका पक्षाचे समर्थक फक्त पहिला प्रश्न विचारत राहिले, दुसऱ्याचे फक्त दुसरा. नोव्हेंबरमध्ये शेरिल जिंकल्या.

सेवेबद्दल खोटं बोलणं गुन्हा नाही का?

न मिळवलेलं पदक मिरवणं गुन्हा ठरवणारा कायदा अमेरिकेत झाला होता. कॅलिफोर्नियातल्या एका पाणी मंडळाच्या निर्वाचित सदस्याने आपल्याला देशाचं सर्वोच्च शौर्यपदक मिळाल्याची थाप मारली, आणि त्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१२ मध्ये न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी कायदाच रद्द केला. केवळ खोटं बोलणं हाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, सरकार सत्याचा पहारेकरी होऊ शकत नाही, असा त्याचा आशय. २०१३ मध्ये नवा कायदा आला. त्यानुसार पदकाबद्दल खोटं सांगून पैसा, मालमत्ता किंवा तसाच ठोस लाभ उकळण्याचा हेतू असेल, तरच गुन्हा होतो.

थोडक्यात, भाषणात नुसती फुशारकी मारणाऱ्या उमेदवाराला पकडायला पोलीस येत नाहीत. त्याचा न्याय मतदारालाच करावा लागतो, आणि म्हणूनच मतदाराची दिशाभूल करण्यासाठी एवढा आटापिटा चालतो.

लष्करी सेवेमुळे निवडणूक जिंकता येते का?

अध्यक्षपदाचा इतिहास वेगळंच सांगतो. १९९२ मध्ये दुसऱ्या महायुद्धात विमान पाडलं गेलेले थोरले बुश हे क्लिंटन यांच्याकडून हरले. १९९६ मध्ये इटलीत गंभीर जखमी झालेले बॉब डोल हरले. २००० मध्ये व्हिएतनामला लष्करी वार्ताहर म्हणून जाऊन आलेले अल गोर, २००४ मध्ये केरी आणि २००८ मध्ये मॅकेन हरले. सलग पाच निवडणुकांत ज्याची युद्धसेवा जास्त, तो पराभूत झाला. २०१२ पासून २०२४ पर्यंत तर दोन्ही मोठ्या पक्षांच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांपैकी कोणीच लष्करात नव्हतं.

तरीही भांडण थांबत नाही, कारण अमेरिकेत आता सैन्य ही मोजक्या कुटुंबांची गोष्ट झाली आहे. १९७३ मध्ये सक्तीची भरती बंद झाली. १९७० च्या दशकात काँग्रेसच्या दर चार सदस्यांपैकी जवळपास तीन माजी सैनिक असत, आज पाचातला एकही नसतो. ज्या मतदाराच्या घरात कोणी सैन्यात गेलेलं नाही, त्याला गार्ड आणि नियमित सैन्य, मोहिमेला साहाय्य आणि प्रत्यक्ष लढाई, हुद्दा आणि निवृत्तीचा हुद्दा यांतला फरक माहीत नसतो. अर्धवट सत्य त्याच्या गळी उतरवणं सोपं जातं.

आपल्याकडे असा वाद का दिसत नाही?

स्वतंत्र भारतात सक्तीची भरती कधीच नव्हती, त्यामुळे 'तू का गेला नाहीस?' असं कोणाला विचारता येत नाही. आपल्या उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण यांची माहिती द्यावी लागते. म्हणून आपल्याकडे तसाच वाद पदवीवरून रंगतो. शिक्का खरा का, साल जुळतं का, विद्यापीठ कागद का दाखवत नाही, हे प्रश्नही तेच आणि आपल्या-तुपल्याचा न्यायही तोच.

अशी पोस्ट आली तर काय पाहायचं?

पहिलं, आरोप कशाबद्दल आहे ते वेगळं करा. नोंदीत काय आहे, माणूस काय बोलला आणि त्याचं वागणं योग्य होतं का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर कागद देतो, दुसऱ्याचं चित्रफीत. तिसऱ्यावर दोन प्रामाणिक माणसांचं दुमत होऊ शकतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच्या थाटात दिलं जात असेल, तर सावध व्हा.

दुसरं, तारखा ओळीने लावा. वॉल्झ प्रकरणात पाच तारखा एकाखाली एक लिहिल्या की निम्मा गोंधळ संपतो.

तिसरं, सांगणारा प्रत्यक्ष तिथे होता का ते पाहा. 'त्याच युद्धात होतो' आणि 'त्याच बोटीवर होतो' यांत फार अंतर आहे.

चौथं, कागद कुठून आला ते विचारा. आपल्या बाजूचा असेल तर दोनदा विचारा. सीबीएससारख्या वाहिनीलाही ते महागात पडलं.

पाचवं, नावं उलटी करून पाहा. हीच नोंद, हेच वाक्य विरोधी उमेदवाराचं असतं तर मी काय म्हटलं असतं?

या वादांत उमेदवार जिंकतात किंवा हरतात आणि पुढे जातात. मागे राहतो तो साधा माजी सैनिक, ज्याने कोठारात हिशेब ठेवला, ट्रक चालवला किंवा वर्षानुवर्षं सराव करून बोलाव्याची वाट पाहिली. गोळी झाडली नाही म्हणजे सेवाच केली नाही, असं दोन्ही बाजूंचे लोक त्याच्या देखत म्हणत असतात. त्यातल्या कोणी उद्या निवडणुकीला उभं राहायचं ठरवलं, तर त्याला आधी एकच विचार करावा लागेल. आपली फाइल कोणाच्या हाती पडेल, आणि त्यातली कुठली ओळ तो वाचून दाखवेल?